वर्गणी, भाग, ठेव की आगाऊ? सांगलीतल्या ॲनिमे चॅनलच्या लोकनिधीचं प्रकरण

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. कंपनी, चाहत्यांचा गट, त्यांची पत्रकं आणि त्यातले अंदाज कल्पित आहेत. कायदा, सरकारी शुल्कं, कराचे दर, जपानी हक्कांची रीत आणि जुन्या चॅनलांचा इतिहास मात्र खरा.

सांगलीत तिघा तरुणांनी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. मराठीत डब केलेलं ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, चोवीस तास दाखवणारं टीव्ही चॅनल काढायचं आणि सुरुवातीचा पैसा लोकनिधीतून (क्राउडफंडिंग), म्हणजे चाहत्यांकडूनच उभा करायचा, असा बेत होता. मुदत ६० दिवस, लक्ष्य ७५ लाख. सांगली-मिरज-कुपवाडसह कराडपर्यंतच्या चाहत्यांचा १,९०० जणांचा गट आधीपासून होताच. विश्रामबागेतला एक छोटा हॉल घेतला, १४० जण आले. शेवटी "कोण कोण पैसे घालणार?" असं विचारल्यावर ६१ हात वर गेले. रात्री हिशेब केला तेव्हा प्रत्यक्षात पैसे सात जणांनी पाठवलेले.

मराठी ॲनिमेची ज्यांना सगळ्यात जास्त ओढ, त्यांनीच हात आखडता का घेतला? "पोरांना सगळं फुकट पाहिजे" हे संस्थापकांचं पहिलं स्पष्टीकरण. ते चुकीचं होतं. सभेत विचारलेले प्रश्न नीट लिहून काढले तर पैसे द्यायला ना कुणाचीच नव्हती, असं दिसतं. आपण नेमकं काय विकत घेतोय, हेच कुणाला कळत नव्हतं.

पत्रक आणि क्यूआर

पत्रकाच्या पहिल्या पानावर चार गाजलेल्या मालिकांचे नायक झळकत होते. आत चार पायऱ्या. २९९ रुपयांत पडद्यावर नाव. ९९९ मध्ये टी-शर्ट आणि चॅनलच्या ॲपचं वर्षभराचं सभासदत्व. ४,९९९ मध्ये डबिंग स्टुडिओला भेट आणि गर्दीच्या प्रसंगात एक ओळ बोलायची संधी. २५,००० भरणारा ‘संस्थापक सदस्य’, त्याला नफ्यात वाटा. तळाला ठळक अक्षरात दिलासा होता: १८ महिन्यांत चॅनल सुरू झालं नाही तर सगळे पैसे १० टक्के वाढवून परत.

दाराशी टेबलावर लॅमिनेट केलेला क्यूआर ठेवला होता. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने स्कॅन करून ९९९ टाकले. पिन टाकायच्या आधी मोबाइलवर खातेदाराचं नाव येतं. तिथे कंपनीचं नाव नव्हतं, तिघांपैकी एकाचं होतं.

"दादा, हे तुमचं नाव येतंय. कंपनीचं नाही."

"अगं, करंट अकाउंट उघडायचं चाललंय. चार-पाच दिवसांत होईल. तोवर माझ्यावर टाक, मी नंतर वळते करतो."

तिने मोबाइल पालथा करून मांडीवर ठेवला. तिच्या मागच्या दोन रांगांनी ते पाहिलं. त्या रात्रीच्या सात व्यवहारांचं गणित तिथेच ठरलं.

यात लबाडी होतीच असं नाही. खाती उघडायला वेळ लागतो हे खरं. पण कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती. तिच्यासाठी घेतलेले पैसे संचालकाच्या बचत खात्यात पडले की पावती कुणाच्या नावाने फाडायची, कर कुणी भरायचा आणि उद्या तिघांचं बिनसलं तर पैसे कुणाचे, या तिन्ही प्रश्नांना उत्तर उरत नाही. शिवाय बचत खात्यात अनोळखी लोकांकडून शेकड्याने रकमा येऊ लागल्या तर बँक खातं गोठवून चौकशी करू शकते. करंट अकाउंट आधी, क्यूआर नंतर, हा क्रम उलटा करून चालत नाही.

दुसऱ्या दिवशी गटातल्या काहींनी घरबसल्या तपासणी केली. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कुठल्याही कंपनीची मूळ माहिती फुकट दिसते: नोंदणीची तारीख, संचालक, अधिकृत आणि भरणा झालेलं भांडवल. दाखल केलेली कागदपत्रं पाहायची तर एका कंपनीला १०० रुपये शुल्क. इथे भरणा झालेलं भांडवल निघालं १ लाख. जीएसटीच्या संकेतस्थळावर नोंदणी सापडली नाही. ट्रेडमार्कच्या नोंदवहीत प्रक्षेपणाचा ३८ आणि करमणुकीचा ४१ हे दोन्ही वर्ग धुंडाळले, चॅनलच्या नावाचा अर्ज नव्हता. माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या परवानगीप्राप्त चॅनलांच्या यादीतही नाव नव्हतं. सगळी मिळून तासाभराची मेहनत. याला ‘टीका’ म्हणणं चूक. पैसे घालण्याआधी सातबारा बघतात, तसंच हे.

पावतीवर काय लिहिणार?

सभेतला सगळ्यात अडचणीचा प्रश्न चाहत्याने विचारलाच नाही. एका मुलाचे वडील पतसंस्थेत हिशेब बघणारे, ते पोराला न्यायला आले होते. पत्रक चाळून ते म्हणाले, "पोरांनो, ही वर्गणी आहे, भाग आहे, ठेव आहे की मालाचे आगाऊ पैसे? पावतीवर काय लिहिणार?"

"काका, क्राउडफंडिंग आहे."

"ते कळलं. पावतीवर काय?"

साखर कारखान्याचे भाग, सोसायटीची ठेव, गणपतीची वर्गणी आणि ट्रॅक्टरचं बुकिंग या चारही गोष्टी घरात पाहिलेल्या जिल्ह्यात हा प्रश्न अवघड नाही. या चार शब्दांमागे कायदे वेगवेगळे आहेत, आणि पत्रकात चारही एकत्र कालवले होते.

वर्गणी परत येत नाही आणि तिच्या बदल्यात काही मिळत नाही. सांगून घेतली तर ती सगळ्यात सोपी, पण नफ्यासाठी काढलेल्या कंपनीला वर्गणी कोण देणार?

आगाऊ म्हणजे टी-शर्ट आणि सभासदत्वाचे पैसे. हे पूर्णपणे कायदेशीर आहे. मात्र २०१४ च्या ठेव नियमांप्रमाणे वस्तू किंवा सेवेसाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत त्या पुरवठ्यापोटी वळती झाली पाहिजे, नाहीतर ती ठेव मानली जाते. पत्रकातली मुदत होती १८ महिन्यांची.

भाग म्हणजे शेअर, इथे २५,००० ची पायरी. नफ्यात वाटा देतो म्हणून जाहीरपणे पैसे मागणं हे रोखे विकण्याच्या वाटेला जातं. कंपनी कायदा २०१३ चं कलम ४२ खासगी वाटपाला एका आर्थिक वर्षात २०० व्यक्तींची मर्यादा घालतं, आणि त्याची जाहिरात करता येत नाही. भाग देऊन लोकनिधी उभारण्यावर सेबीने, म्हणजे रोखेबाजाराच्या नियंत्रकाने, जून २०१४ मध्ये चर्चापत्र काढलं होतं, पण त्यातून तशी परवानगी देणारी नियमावली आली नाही. उलट २०१६ मध्ये अशा अनधिकृत ऑनलाइन मंचांपासून सावध राहण्याचा इशारा सेबीनेच दिला.

आणि ठेव. लोकांना धीर यावा म्हणून छापलेली ‘१० टक्के वाढवून परत’ ही ओळच या पत्रकातली सगळ्यात धोक्याची. वाढीसह परतीची हमी दिली की ती रक्कम ठेवीसारखी दिसू लागते. अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा २०१९ नुसार अशी ठेव मागितली तरी एक ते पाच वर्षं कैद आणि २ ते १० लाखांचा दंड होऊ शकतो, स्वीकारली तर शिक्षा त्याहून मोठी. महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा आहेच. २०१९ मध्ये वाळवा तालुक्यातून उघडकीला आलेलं कडकनाथ कोंबडीपालनाचं प्रकरण इथे अजून कुणी विसरलेलं नाही. ‘आमच्याकडे पैसे गुंतवा, आम्हीच परत घेऊ’ हे शब्द कानावर पडले की सांगलीचा माणूस खुर्ची मागे सरकवतो. संस्थापकांना वाटत होतं, हमी दिली की विश्वास वाढेल.

कापलेली ओळ

पहिल्या पानावरची चारही चित्रं अधिकृत पोस्टरांवरून घेतलेली होती. अशा प्रत्येक पोस्टरच्या तळाशी बारीक अक्षरात कॉपीराइटची ओळ असते. तिच्यात बहुधा लेखक, प्रकाशक आणि शेवटी ‘सेइसाकु इंकाइ’, म्हणजे निर्मिती समिती, असं लिहिलेलं असतं. चाहते ही ओळ वाचतात. एखाद्या मालिकेचा दुसरा हंगाम येईल की नाही, याचे अंदाजही ते तिच्यावरून बांधतात. पत्रकावर चारही चित्रं नेमकी त्या ओळीच्या वर कापलेली होती. हे पहिल्यांदा दाखवलं मिरजेच्या एका बारावीतल्या मुलाने.

चित्रं परवानगीशिवाय वापरली हा एक दोष झालाच. पण त्या ओळीत या धंद्याची सगळी गुंतागुंत आहे. बहुतेक ॲनिमे मालिका एका स्टुडिओच्या मालकीच्या नसतात. प्रकाशक, टीव्ही केंद्र, जाहिरात कंपनी, संगीत कंपनी, खेळणी बनवणारे अशांची मिळून समिती असते आणि परदेशी हक्क विकण्याचं काम त्यातल्या एकाकडे दिलेलं असतं. चित्रं बनवणारा स्टुडिओ कित्येकदा फक्त मजुरीवर असतो. त्यामुळे "आम्ही स्टुडिओला मेल केलाय" हे सभेतलं उत्तर ऐकून मागच्या रांगेत हसू पिकलं, ते निव्वळ कुचेष्टेचं नव्हतं.

"बोलणी चालू आहेत" याचा पुरावा म्हणून काय दाखवता येतं? हक्कदाराच्या सहीचा डील मेमो, म्हणजे व्यवहाराच्या मुख्य अटींचा कागद. त्यात मालिकेचं नाव, प्रदेश, भाषा, माध्यम, मुदत आणि रन या सहा गोष्टी असल्या पाहिजेत. माध्यम महत्त्वाचं, कारण उपग्रह टीव्ही, केबल, जाहिरातींसह मोफत स्ट्रीमिंग आणि सभासदत्वाचं स्ट्रीमिंग हे हक्क वेगवेगळे विकले जातात. त्यातला एखादा आधीच कुणाला एकट्याला दिला असेल, तर दुसऱ्या माध्यमातही कित्येकदा ठरावीक काळ मालिका दाखवता येत नाही. भारतासाठीच्या नव्या मालिकांचे हक्क मोठ्या कंपन्या आधीच घेऊन ठेवतात. सोनीने २०२१ मध्ये क्रंचीरोल ही ॲनिमेची स्ट्रीमिंग सेवा ११७.५ कोटी डॉलरला घेतली, त्यावरून समोरच्या टेबलावर कोण बसलंय याची कल्पना यावी.

रन म्हणजे एक भाग किती वेळा दाखवायचा. इथे चाहत्यांनी फळ्यावर मांडलेलं गणित बघण्यासारखं आहे. संस्थापकांच्या पत्रकात पाच मालिका, प्रत्येकी १२ भाग, म्हणजे ६० भाग. एक भाग साधारण २४ मिनिटांचा. भारतात तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती दाखवता येतात, उरतात ४८, म्हणजे तासाला बरोबर दोन भाग बसतात. हा मेळ झकास आहे. पण मग ६० भाग ३० तासांत संपतात. सोमवारी सकाळी सहाला सुरू झालेलं चॅनल मंगळवारी दुपारी बारा वाजता रिकामं. महिन्याचे ७२० तास भरायचे तर प्रत्येक भाग २४ वेळा दाखवावा लागणार. इतके रन कुठल्या दराने मिळणार, यावर पत्रकात एक अक्षर नव्हतं. रोज चार तासांचाच नवा ठोकळा करून तो सहा वेळा फिरवला तरी दिवसाला आठ नवे भाग लागतात, आणि ६० भाग आठव्या दिवशी संपतात.

७५ लाखांचं काय होतं

पत्रकातला खर्च असा होता: हक्क ३० लाख, डबिंग १८ लाख (६० भाग, प्रत्येकी ३०,०००), प्रक्षेपण यंत्रणा १२ लाख, जाहिरात ९ लाख, इतर ६ लाख. बेरीज ७५. जमा ७५, खर्च ७५, म्हणजे हिशेब जुळला, असं वरवर वाटतं.

पण जमा ७५ नाहीच. लोकांना बदल्यात सेवा मिळणार असेल तर आलेल्या रकमेत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, आणि सेवेच्या आगाऊ रकमेवर तो पैसे आले तेव्हाच लागू होतो. ७५ ला १.१८ ने भागलं की हाती ६३.५६ लाख. उरलेले ११.४४ लाख सरकारचे. सेवांसाठी २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, हा आधारही इथे नाही. जपानकडून हक्क घेणं ही सेवेची आयात आहे. तिच्यावरचा कर घेणाऱ्यानेच उलट पद्धतीने भरायचा असतो, आणि त्यासाठी नोंदणी पहिल्या रुपयापासून सक्तीची.

खर्चही ७५ नाही. रॉयल्टी जपानला पाठवताना इथे आयकर कापावा लागतो. भारत-जपान करारानुसार दर १० टक्के. तो मिळण्यासाठी जपानी कंपनीकडून तिथल्या करनिवासाचा दाखला हवा, नाहीतर देशी कायद्याचा २० टक्क्यांचा दर लागतो. आणि हक्कदार बहुधा ‘आम्हाला करमुक्त एवढे हातात पाहिजेत’ असं कलम घालतो. मग ३० लाख हातात पडायचे तर मूळ रक्कम ३० ला ०.९ ने भागून ३३.३३ लाख धरावी लागते. खर्च झाला ७८.३३ लाख.

जमा ६३.५६, खर्च ७८.३३. एकही टी-शर्ट छापायच्या आधी १४.७७ लाखांची तूट. बाकीच्या खर्चांचे आकडे कर सोडून धरले आहेत आणि त्यावरचा कर वजावटीत मिळतो, हे मानूनही. टी-शर्ट, छपाई आणि कुरिअर यांना पत्रकात वेगळा रकाना नव्हता, ते ‘इतर ६ लाखां’त. सगळ्यांनी ९९९ भरले तर ७५ लाखांसाठी सुमारे ७,५०० माणसं लागतात. तेवढे टी-शर्ट ६ लाखांत म्हणजे एकाला ८० रुपये, कुरिअरसकट. यावर काही बोलायची गरज नाही.

टीव्ही चॅनल म्हणजे नेमकं काय?

फळ्यावरचं गणित तुटीचं होतं. पण ती तूट कुणी भरून काढली असती तरी चॅनल उभं राहिलं नसतं.

नोव्हेंबर २०२२ च्या अपलिंकिंग-डाउनलिंकिंग (चॅनल उपग्रहावर चढवणं आणि तिथून उतरवणं) मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे बातम्यांशिवायच्या पहिल्या चॅनलसाठी अर्जदाराची नक्त मालमत्ता किमान ५ कोटी लागते. परवानगीनंतर अपलिंकिंगचे २ लाख आणि डाउनलिंकिंगचे ५ लाख, असं दरवर्षी शुल्क. बँक हमी, उपग्रहाची बँडविड्थ आणि टेलिपोर्टचं, म्हणजे उपग्रहाकडे संकेत पाठवणाऱ्या केंद्राचं, भाडं वेगळं. यात सगळ्यात कमी लक्षात येणारी गोष्ट नक्त मालमत्तेची आहे. नक्त मालमत्ता म्हणजे भरणा झालेलं भांडवल अधिक राखीव निधी. टी-शर्ट आणि सभासदत्वाच्या बदल्यात घेतलेली आगाऊ रक्कम ताळेबंदात देण्याच्या बाजूला बसते. म्हणजे ७५ लाखांऐवजी ५ कोटी लोकनिधी जमला असता, तरी नक्त मालमत्ता १ लाखाच्या आसपासच राहिली असती.

परवानगी मिळाली तरी घरात दिसण्याचा प्रश्न उरतो. केबल आणि डीटीएचवाले नवं चॅनल दाखवायला वाहक शुल्क घेतात. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१७ च्या नियमांनी साध्या चॅनलसाठी त्याची कमाल मर्यादा दर ग्राहकामागे महिना २० पैसे ठरवली. वीस पैसे ऐकायला क्षुल्लक. १० लाख ग्राहकांच्या एका वितरकाला महिन्याला २ लाख, वर्षाला २४ लाख. ग्राहकांनी चॅनल निवडलं तसं हे शुल्क उतरत जातं, पण निवड वाढेपर्यंत भरायला पैसे हवेत.

स्थानिक केबलवर चॅनल ही वाट स्वस्त आहे. एमएसओला, म्हणजे केबलचं मोठं जाळं चालवणाऱ्या कंपनीला, आपल्या जाळ्यापुरतं चॅनल चालवता येतं, नोंदणी शुल्क प्रति चॅनल १,००० रुपये. पण ते चॅनल एमएसओचं असतं, ही कंपनी फक्त कार्यक्रम पुरवणारी ठरते. आणि केबलचे हक्क तरीही जपानहूनच आणावे लागतात.

मग एक दुष्टचक्र समोर येतं. हक्कदार विचारतो, चॅनल कुठे आहे? परवानगी देणारा विचारतो, भांडवल कुठे आहे? भांडवल घालणारा विचारतो, हक्क कुठे आहेत? चाहत्यांचा पैसा या तिघांपैकी कुणाच्याही आधी जाणार होता, म्हणजे सगळ्यात जास्त जोखमीच्या जागी. तिथे पैसा घालणारा एरवी कंपनीचा भाग मागतो. इथे टी-शर्ट मिळणार होता.

दाखले चुकीचे नव्हते, लावले चुकीचे

संस्थापकांनी सभेत ‘मंथन’चा दाखला दिला. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घातले आणि १९७६ मध्ये श्याम बेनेगलांचा चित्रपट आला. खरं आहे. पण तिथे पैसा दूध संघांच्या चालू यंत्रणेतून आला, काम एका चित्रपटापुरतं होतं, आणि चित्रपट एकदा पूर्ण झाला की झाला. चॅनल पूर्ण होत नाही, ते दर महिन्याला पैसे खातं. भारतात सोनीचं ॲनिमॅक्स २००४ ते २०१७ चाललं. त्यानंतर फेब्रुवारी २०१८ मध्ये आलेलं टर्नरचं टूनामीही बंद झालं. दोघांच्याही पाठीशी मोठ्या कंपन्या होत्या. हा इतिहास चाहत्यांना तोंडपाठ, आणि पत्रकात त्याचा उल्लेखही नाही. जे सगळ्यांना माहीत आहे ते लपवलं की जे माहीत नाही त्यावरही शंका येते.

जपानी दाखले जास्त शिकवणारे आहेत. स्टुडिओ ट्रिगरने २०१३ मध्ये ‘लिटल विच अकॅडेमिया’च्या दुसऱ्या भागासाठी किकस्टार्टर या लोकनिधीच्या संकेतस्थळावर दीड लाख डॉलर मागितले, मिळाले सव्वासहा लाख. पहिला भाग तेव्हा लोकांनी पाहिलेला होता, स्टुडिओचा हात दिसलेला होता. ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’ साठी २०१५ मध्ये ३,३७४ जणांनी सुमारे ३ कोटी ९१ लाख येन दिले. त्यातून अख्खा चित्रपट काढायचा नव्हता. माणसं जमवायची आणि नमुनाफीत करायची, एवढंच मागितलं होतं. ती गर्दी बघून मोठे गुंतवणूकदार आले. चित्रपट २०१६ मध्ये लागला.

भारतातला दाखला तर एक रुपयाही न मागितल्याचा आहे. २०१९ मध्ये ‘वेदरिंग विथ यू’ इथल्या चित्रपटगृहांत यावा म्हणून चाहत्यांनी ऑनलाइन अर्जावर सुमारे ५० हजार सह्या गोळा केल्या, आणि ऑक्टोबरमध्ये चित्रपट आला. मागणी दाखवायची असेल तर आधी सह्या चालतात. हे काम १,९०० जणांच्या गटाने आठवड्यात केलं असतं.

चाहतेही चुकले

शंका घेणारा प्रत्येक जण बरोबर नव्हता. "भारतात क्राउडफंडिंग बेकायदाच आहे" असं ठणकावून सांगणारे दोघे सभेत होते. ते चूक. भाग किंवा ठेव न देता, वस्तू-सेवेच्या बदल्यात किंवा निव्वळ देणगी म्हणून लोकनिधी घेता येतो. "किकस्टार्टरवर का टाकत नाही?" हाही प्रश्न फुकाचा, प्रकल्प मांडता येणाऱ्या देशांच्या त्यांच्या यादीत भारत नाही. आणि हॉलमधून बाहेर पडता पडता तिघांना ‘चोर’ ठरवणारे संदेश फिरले, त्याला कसलाही आधार नव्हता. कच्ची योजना आणि फसवणूक यांत फरक आहे. कच्च्या योजनेला प्रश्न विचारले तर ती सुधारते, शिवी दिली तर ती दार लावून घेते.

संस्थापकांनी उलट टोला मारला: "तुम्ही सगळे चोरट्या साइटवरच बघता ना?" टोला वर्मी लागला, कारण त्यात तथ्य होतं. पण तो त्यांच्याच अंगावर उलटतो. हक्कदाराला दाखवायला अधिकृत प्रेक्षकांचा आकडा लागतो, आणि तोच गटाकडे नव्हता. सह्यांच्या अर्जाची गरज इथेही दिसते.

दुसरं पत्रक

तीन आठवड्यांनी दुसरं पत्रक आलं, एकाच पानाचं. चॅनल गेलं. त्याऐवजी १२ भागांची एक मालिका, तिचा मराठी आवाज, आणि हक्कदाराच्या स्वतःच्या अधिकृत यूट्यूब चॅनलवर तो उपलब्ध करणं. परवानगी, उपग्रह, वाहक शुल्क हे सगळे खर्च एका फटक्यात कमी झाले. हक्क विकत घ्यायचे नाहीत, हक्कदारासाठी भाषा तयार करून द्यायची, त्यामुळे हक्काचे ३० लाखही गेले.

नवा हिशेब: डबिंग १२ भागांचे ३,६०,०००. पुन्हा ध्वनिमुद्रणासाठी १५ टक्के राखीव, ५४,०००. तपासणी आणि उपशीर्षकं ३६,०००. भेटवस्तू ५०,०००. बेरीज ५ लाख. लोकनिधी मंचाचं १० टक्के शुल्क आणि जीएसटी धरला की मागायची रक्कम सुमारे ६ लाख ७० हजार होते. ५०० रुपयांप्रमाणे १,३४० माणसं. एकट्या सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पाच लाखांच्या वर होती, तेव्हा हे आवाक्यातलं.

१५ टक्के राखीव का, हे समजून घ्यायला हवं. हक्कदाराकडून ‘एम अँड ई’ ट्रॅक, म्हणजे संवाद काढून फक्त संगीत आणि आवाज असलेली फीत, मिळते तेव्हा काम सरळ असतं. जुन्या मालिकांची ती कधी कधी नसतेच. मग पावलांपासून तलवारीच्या खणखणाटापर्यंत सगळं नव्याने करावं लागतं आणि ३०,००० चा अंदाज कोलमडतो. म्हणून मालिका निवडायच्या आधी पहिला प्रश्न: एम अँड ई आहे का? दुसरी अडचण ओठांच्या मेळाची. जपानी आणि मराठी दोन्हींत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे इंग्रजीपेक्षा मराठी डब जास्त सहज बसू शकतो, पण भाषांतर इंग्रजी संहितेवरून केलं तर हा फायदा हातचा जातो. तिसरी गोष्ट मंजुरीची. पात्रांचे आवाज, नावांचे उच्चार, कधी पहिला अख्खा भाग हक्कदाराकडे पाठवावा लागतो, आणि उत्तर यायला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो. दुसऱ्या पत्रकात म्हणून ‘दिवाळीपर्यंत’ अशी ठरीव तारीख नव्हती. ‘पहिल्या भागाच्या मंजुरीनंतर पाच महिने’ असं होतं.

पैशाचे नियम चार ओळींत बसले. लक्ष्य गाठलं नाही तर सगळे पैसे परत, वाढ नाही. लक्ष्य गाठलं तर रक्कम एस्क्रो खात्यात (अटी पूर्ण होईपर्यंत तिसऱ्याच्या ताब्यात राहणारं खातं), आणि डील मेमोवर सही झाल्यावर ४० टक्के, पहिल्या भागाच्या मंजुरीनंतर ४०, शेवटचा भाग दिल्यावर २०. मेमो १२० दिवसांत झाला नाही तर परत. पावतीवर शब्द एकच: आगाऊ. नफ्यातल्या वाट्याची पायरी काढून टाकली. क्यूआर स्कॅन केल्यावर कंपनीचं नाव येत होतं.

एक प्रश्न मात्र दुसऱ्या सभेतही सुटला नाही. मुदत संपल्यावर हा मराठी आवाज कुणाचा? हक्कदाराच्या करारात डब केलेला ट्रॅक बहुतेक वेळा हक्कदाराच्याच मालकीचा होतो. तो काढून ठेवायचा की दुसऱ्या कुणाला द्यायचा, हे तोच ठरवतो. पैसे देणाऱ्या १,३४० जणांना त्यावर काही सांगण्याचा अधिकार नसतो. पतसंस्थेतल्या काकांनी ती अट पत्रकात लक्ष्याच्या आकड्याएवढ्याच मोठ्या अक्षरात छापायला लावली. संस्थापकांपैकी एकाला ते पटलं नाही, लोक बिचकतील असं त्याचं म्हणणं. छापून झाल्यावर पत्रकाच्या तळाशी बोटभर जागा कोरी राहिली. तिथे कॉपीराइटची ओळ यायची होती, मेमो झाल्यावर.